माळ्यावरचं विंडोज ९५ डायल-अपवर परत जोडता येईल का?

हळदीची_पेठ
नमस्कार मंडळी,
दिवाळीच्या झाडलोटीत माळ्यावरून जुना पेंटियम १३३ खाली आला. १६ एमबी रॅम, विंडोज ९५, आणि सोबत पांढऱ्याचा पिवळा झालेला ३३.६ चा (सेकंदाला ३३,६०० बिट) एक्स्टर्नल मोडेम. धूळ फुंकली, देवाचं नाव घेतलं, बटण दाबलं आणि चक्क सुरू झाला! आतली बॅटरी गेली आहे, त्यामुळे दर वेळी सेटअपमध्ये जाऊन त्याला हार्ड डिस्कची ओळख करून द्यावी लागते. तेवढं चालायचंच.

लेक नववीत आहे. तिने विचारलं, "याला नेट कुठून मिळायचं?" म्हटलं, फोनवरून. ती म्हणाली, "म्हणजे हॉटस्पॉट?"

इथून पुढे समजावणं मला जमलं नाही. १९९७ साली आम्ही सांगलीहून पुण्याला एसटीडी लावून नेट जोडायचो. रात्री ११ नंतर पाव दर, म्हणून ११ वाजून एक मिनिटाने सुरुवात. वडील शेजारी मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेऊन बसायचे, जसं काही लाँचिंगच आहे.

आता घरात लँडलाइन नाही, डायल-अप देणारं कोणी उरलं नाही. पण घरातल्या घरात तो मोडेम खरंच डायल करून, आवाज काढून, एखादं पान उघडून दाखवता येईल का? आवाजाचे व्हिडिओ भरपूर आहेत, ते नकोत. जोडून दाखवायचं आहे.

पंत_सदाशिव
आवाजच हवा असेल तर मिक्सरमध्ये चार खडे घाला आणि शेजारी शिट्टी वाजवा.

चौदा_चार
पंत, दिवाळीत तरी.

धागाकर्ते, येईल जोडता. सोपा मार्ग म्हणजे आजकाल वायफायचा छोटा बोर्ड मिळतो, तो सिरियल पोर्टला लावायचा. तो मोडेमचं सोंग घेतो. विंडोजने एटीडीटी (मोडेमला 'डायल कर' ही आज्ञा) म्हटलं की हा 'कनेक्ट' म्हणतो आणि मागून तुमच्या वायफायवर जातो. पण आवाज नाही. आवाज हवा तर दोन मोडेम समोरासमोर लावावे लागतील. त्यावर सविस्तर लिहितो, आधी एक सांगा: या विंडोज ९५ मध्ये टीसीपी/आयपी, म्हणजे इंटरनेटची बोली, टाकलेलं आहे का? नव्या पिढीला हे पटतच नाही, पण विंडोज ९५ मध्ये डायल-अप अडॅप्टर टाकला की तो आपणहून नेटब्यूई आणि आयपीएक्स या ऑफिसातल्या नेटवर्कच्या बोली आणायचा. टीसीपी/आयपी आपण कंट्रोल पॅनेलात जाऊन हाताने जोडायचं. मग तो सीडी मागणार. सीडी ड्राइव्ह नसला तर फ्लॉप्या. १३ फ्लॉप्या होत्या त्या, आणि नेमकी अकरावी वाचता यायची नाही.

बटाटा_भजी
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). अकरावी अगदी!

कोरी_पाटी
एक शंका. विंडोज ९५ च्या आधी घरगुती कॉम्प्युटरवर इंटरनेट नव्हतंच ना? म्हणजे डॉस आणि विंडोज ३.१ वर हे शक्यच नव्हतं असं वाचलंय.

चौदा_चार
@कोरी_पाटी, चुकीचं वाचलंय. ३.१ ला इंटरनेट म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं हे खरं, पण लोकांनी त्याला शिकवलं. ऑस्ट्रेलियात टास्मानिया विद्यापीठात काम करणाऱ्या पीटर टॅटम या गृहस्थाने ट्रम्पेट विनसॉक नावाचा प्रोग्राम लिहिला. एक विनसॉक.डीएलएल आणि एक टीसीपीमॅन, एवढंच. फ्लॉपीत मावून वर जागा उरायची. टीसीपीमॅन उघडायचा, त्यात लॉगिनची स्क्रिप्ट आपली आपण लिहायची: अमुक अक्षरं दिसली की युजरनेम पाठव, तमुक दिसली की पासवर्ड. एखादा कोलन चुकला की मोडेम जोडला जाऊन दोन्हीकडचे एकमेकांकडे बघत बसायचे. पलीकडे मीटर चालू.

तो प्रोग्राम शेअरवेअर होता, म्हणजे आधी वापरा, मग पैसे पाठवा. जगभर मासिकांनी फुकट वाटला, लोकांनी वापरला, पैसे फार थोड्यांनी पाठवले. २०११ साली कुणीतरी ही गोष्ट नेटवर काढली तेव्हा बऱ्याच जणांनी लाजेकाजे मागाहून पाठवले. मीही त्यातलाच. (पाठवणाऱ्यांतला. आधी न पाठवणाऱ्यांतलाही.)

तिरकस_तात्या
चालू द्या तुमचं स्मरणरंजन. मला त्यात काही गोड आठवत नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने सगळ्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, आणि २४ ऑगस्टला विंडोज ९५ बाजारात आलं. नऊ दिवसांचं अंतर. योग जुळला म्हणायचा. पण टीसीपी/आयपी खातं १५,००० रुपयांना होतं आणि माझा पगार तेव्हा महिना ३,५००. त्यावर मोडेम वेगळा, फोनचं बिल वेगळं. मी आयुष्यातलं पहिलं वेबपान १९९९ साली सायबर कॅफेत बघितलं, तेही मागे तीन जण वाट बघत उभे असताना. ज्यांच्या घरी तेव्हा मोडेम होता त्यांनी हा धागा काढावा, आम्ही वाचतो.

गिरगावातला_शेल
तात्या, ५०० रुपयांतही होतं हो. विद्यार्थ्यांचं शेल खातं. चित्रं नाहीत, काळ्या पडद्यावर अक्षरं. पत्रं पाइन नावाच्या प्रोग्राममध्ये, वेब लिंक्स नावाच्या ब्राउझरमध्ये. चित्राच्या जागी कंसात 'इमेज' असं यायचं आणि आपण कल्पना करायची. मी ताजमहाल असा पाहिलाय.

आमच्या पत्त्यात @ नंतर गियासबीएम०१.व्हीएसएनएल.नेट.इन यायचं. गियास म्हणजे गेटवे इंटरनेट अ‍ॅक्सेस सर्व्हिस, बीएम म्हणजे बॉम्बे. पुणेकरांचा पीएन०१. पत्ता फोनवर कुणाला सांगायचा तर पाच मिनिटं आणि दोन वाद.

फाइल उतरवायची म्हणजे दोन टप्पे. आधी अमेरिकेतून शेल खात्यात आणायची, मग तिथून झेडमोडेम या फाइल पाठवायच्या पद्धतीने घरच्या मशीनवर. विंडोज ३.१ च्या टर्मिनलला झेडमोडेम यायचं नाही, म्हणून टेलिक्स नावाचा दुसरा प्रोग्राम.

आणि एक पोट्ट्यांचं गुपित. स्लर्प. शेल खात्यात हा एक प्रोग्राम चालवला की तो शेलच्या तारेवरच स्लिप किंवा पीपीपी (पूर्ण इंटरनेट जोडणीच्या बोली) बोलायला लागायचा. म्हणजे ५०० च्या खात्यावर नेटस्केप ब्राउझर, चित्रांसकट! नियमात बसत नव्हतं, त्यामुळे मी फक्त ऐकून आहे.

चौदा_चार
फक्त ऐकून. बरं.

इथल्या आयटीवाल्या पोरांसाठी: व्हर्च्युअलबॉक्स किंवा क्यूएमूमध्ये कॉम्प्युटरच्या आत खोटं मशीन उभं केलं की त्याला आपोआप १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो ना? तो स्लर्पचाच वारसा. गिरगावातल्या काही 'फक्त ऐकणाऱ्या' पोरांच्या मशीनलाही हाच पत्ता मिळायचा.

कोरी_पाटी
काय सांगता! रोज बघतो तो पत्ता. कधी विचारलंच नाही कुठून आला.

जर्सीतली_माहेरवाशीण
मी तेव्हा नुकतीच न्यूजर्सीला आले होते. इकडे लोकल कॉलला मिनिटाचे पैसे नसायचे, त्यामुळे मोडेम तासन्‌तास जोडलेला. मध्ये दुसरा फोन आला की कॉल वेटिंगची 'टुक' वाजायची आणि कनेक्शन तुटायचं. म्हणून नंबराच्या आधी *७० घालायचं.

तिकडे गिरगावात आमच्या खालच्या मजल्यावर एक इंजिनिअरिंगचा मुलगा होता, त्याच्या शेल खात्यावर मी आईला पत्र पाठवायची. तो डॉट मॅट्रिक्सवर छापून, कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडून वर नेऊन द्यायचा. मराठी, पण रोमन लिपीत. आई चष्मा लावून मोठ्याने वाचायची: "माझी तब्येत बारी आहे." मग बाबा विचारायचे, बारी म्हणजे काय झालं? एकदा मी "दाल केली" लिहिलं ते त्यांनी "डाळ केली" असं बरोबर वाचलं, पण "वाटली डाळ" चं काय झालं ते इथे लिहीत नाही.

@गिरगावातला_शेल, तू कोणत्या वाडीतला रे?

गिरगावातला_शेल
ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. कागदाचे पैसे अजून यायचे आहेत.

बटाटा_भजी
आई गं! हाच तो??

पंत_सदाशिव
धाग्याचं सार्थक झालं. आता माळ्यावरचं ते धूड परत ठेवा.

वेर्ण्याकार
गोंयांतल्यान नमस्कार. आमच्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत डी-लिंकचा कारखाना, त्यामुळे मोडेम हा शब्द आमच्याकडे मडगावच्या बसमध्येही ऐकू यायचा. मी तेव्हा घरोघरी जाऊन जोडून द्यायचो. शंभरातल्या साठ घरी तक्रार एकच: 'नो डायल टोन'. फोन उचलला तर टोन येतोय, मोडेम म्हणतो नाही. मग गुणधर्मांत जाऊन 'डायल टोनची वाट बघ' ची खूण काढायची, किंवा एटीएक्स३ लिहायचं. दोन मिनिटांचं काम. पण दोन मिनिटांत उठलो तर लोक पैसे देताना कुरकुर करत, म्हणून चहा येईपर्यंत उगाच रजिस्ट्री उघडून बसायचो.

जुना_लाइनमन
मी ३४ वर्षं टेलिफोनच्या खांबांवर काढली. एरवी वाचतो फक्त, पण गोव्याच्या भावाने विषय काढला म्हणून लिहितो.

आपला डायल टोन आणि अमेरिकेचा वेगळा. तिकडे ३५० आणि ४४० हर्ट्झ असे दोन सूर एकत्र. आपला ४०० हर्ट्झ, त्यावर २५ ची लहर. म्हणून आपला टोन जरा घरघरतो. तिकडच्या कानाचा मोडेम आपला टोन ओळखत नसे. दोष लाइनचाही नाही, मोडेमचाही नाही. गावात नवीन सून आल्यासारखं, भाषा कळेपर्यंत वेळ लागतो. एटीएक्स३ म्हणजे तिला सांगणं, ऐकू नको, थेट काम कर.

जुन्या स्ट्रोजर, म्हणजे यांत्रिक, एक्स्चेंजवर एटीडीटी चालायचं नाही, एटीडीपी लागायचं. पल्स. लाइन सेकंदाला दहा वेळा तोडायची-जोडायची, शून्याला दहा टिचक्या. नंबरात शून्यं जास्त असली की मोडेम बराच वेळ टकटक करत बसे.

पावसाळ्यात वेग पडायचा त्याचं कारण जॉइंट. कागदाच्या इन्सुलेशनची केबल, पाणी शिरलं की संपलं. बोलताना खरखर कानाला चालते, माणूस समजून घेतो. मोडेम समजून घेत नाही, तो वेग उतरवतो. लोक मला विचारायचे, "काका, फोन तर छान ऐकू येतो, मग नेट का नाही?" मी प्लास्टिकची पिशवी गुंडाळून जॉइंट बांधला की २८,८०० मिळायचे. त्याबद्दल एका घरी मला नवीन इंटरनेटवर क्रिकेटचा स्कोअर दाखवला होता. पान यायला चार मिनिटं लागली, तोवर विकेट पडली होती.

तिरकस_तात्या
काका, दंडवत. तुमच्यासाठी मी माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो. पगाराचा भाग सोडून.

हळदीची_पेठ
काका, फार छान लिहिलंत. आता मूळ प्रश्नाकडे येऊ का? टीसीपी/आयपी टाकलेलं आहे, तपासलं. डीएनएसच्या चौकटीत अजून २०२.५४.१.३०, व्हीएसएनएलचा तेव्हाचा पत्ता, लिहिलेलं सापडलं! आतेभावाकडून ५६के चा दुसरा एक्स्टर्नल मोडेम आणलाय. दोन्ही जोडले तर ५६ मिळतील ना?

चौदा_चार
नाही मिळणार. काका सांगतीलच.

जुना_लाइनमन
एक्स्चेंज तुमचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतं, प्रत्येक माप ८ बिटांचं. झाले ६४,०००. त्यातले सात बिट भरवशाचे धरले तर ५६,०००. पण हे कधी? पलीकडची कंपनी एक्स्चेंजला थेट डिजिटल जोडलेली असेल तेव्हाच. म्हणजे येताना आकड्यांचा आवाज फक्त एकदाच होतो. जाताना मात्र तुमच्याकडून अ‍ॅनालॉगच निघतं, म्हणून वर पाठवायला ३३.६ च. तुमच्या घरात दोन्ही मोडेम अ‍ॅनालॉग, मध्ये एक्स्चेंज नाही. ३३.६ च्या पुढे जाणार नाही. तेवढेही मिळाले तर पेढे वाटा.

आणि नुसती वायर जोडून काही मोडेम बोलतात, काही नाही. त्यांना लाइनमध्ये प्रवाह लागतो. एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टची बॅटरी असते. तुम्ही ९ व्होल्टची छोटी चौकोनी बॅटरी घ्या, तिच्याबरोबर तीनशे-चारशे ओहमचा रेझिस्टर, आणि दोनपैकी एका तारेत ओळीने घाला. दुसरी तार सरळ. मेन लाइटच्या जवळपास जायचं नाही.

चौदा_चार
बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). पुढचं असं: दुसरा मोडेम लिनक्सच्या मशीनला, यूएसबी-सिरियल केबलने. रास्पबेरी पाय असला तरी पुरे. त्यावर एमगेटी हा प्रोग्राम मोडेम सांभाळेल आणि पीपीपीडी हा दुसरा पुढची इंटरनेट जोडणी बघेल. रिंग वाजणार नाही, कारण रिंग द्यायला एक्स्चेंजच नाही. म्हणून त्या बाजूला हाताने एटीए ('फोन उचल'), या बाजूला एटीएक्स३ आणि मग डायल. नंबर काहीही टाका.

अवांतर पण महत्त्वाचं: पेंटियमच्या सिरियल पोर्टची चिप १६५५० आहे ना ते बघा. जुन्या ८२५० मध्ये एकाच अक्षराची जागा. पोर्ट ५७,६०० वर असला की दर १७४ मायक्रोसेकंदाला नवीन अक्षर येऊन ठेपतं. प्रोसेसर तेवढ्यात हार्ड डिस्ककडे वळला तर ते अक्षर गेलं. १६५५० मध्ये १६ अक्षरांची रांग उभी राहते. १९९४-९५ ला लोक मोडेमला शिव्या घालायचे, गुन्हेगार ही एक चिप असायची.

वेर्ण्याकार
आणि माउस कुठे लावलाय ते बघ. कॉम१ या सिरियल पोर्टवर माउस आणि कॉम३ वर मोडेम नको. दोघांचा आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची तार, ४ च. डायल केलं की माउस जागच्या जागी थिजतो. एका घरी मी दीड तास नवीन माउस आणून आणून बदलले आहेत.

बटाटा_भजी
फोन एंगेज राहण्याबद्दल कुणी लिहिलंच नाही! माझ्या ताईला बघायला येणाऱ्यांनी वेळ ठरवायला फोन केला, मी चॅटवर. त्यांना तासभर एंगेज. मध्यस्थांकडे निरोप गेला, "मुलीचं दुसरीकडे कुठे बोलणं चाललेलं दिसतंय." घरी माझी जी पूजा बांधली गेली ती विचारू नका. मोडेम आठवडाभर आजीच्या ट्रंकेत कुलूपबंद होता.

जर्सीतली_माहेरवाशीण
मग स्थळ?

बटाटा_भजी
हुकलं. ताई आजही त्याबद्दल माझे आभार मानते.

अक्षरवेडी
मराठी वाचायचं असलं तर आधी फाँट उतरवा, हा आणखी एक ताप. शुषा एका साइटला, शिवाजी दुसरीला. फाँट नसला तर पानभर इंग्रजी अक्षरांची भेळ. फाँट ५०-६० केबी, उतरायला अर्धं मिनिट. पण मध्येच लाइन तुटली की शून्यापासून. मी फाँटची फ्लॉपी पर्समध्ये घेऊन सायबर कॅफेत जायचे.

पंत_सदाशिव
आम्ही मराठी वाचायला वाचनालयात जायचो. कधी लाइन तुटली नाही.

हळदीची_पेठ
मंडळी, झालं!!

सविस्तर. बॅटरी आणि रेझिस्टर काकांनी सांगितल्याप्रमाणे. पहिल्या चार वेळा 'नो कॅरिअर'. मग लक्षात आलं, लिनक्सच्या बाजूला एटीए मी फार उशिरा देतोय. लेकीला तिकडे बसवलं, मी इकडे. मी "तीन, दोन, एक" म्हटलं आणि दोघांनी एंटर मारलं. आधी तो सरळ लांब सूर, मग घुंईं, मग ती खरवडल्यासारखी खसखस. आणि शांत. पडद्यावर ३१,२००.

खोलीत कुणी बोललं नाही. मग स्वयंपाकघरातून आई ओरडली, "फोन ठेव आता, बिल येईल!"

लेकीने विचारलं, "एवढा आवाज कशाला करतात?" मी म्हटलं, दोघं मिळून तार किती चांगली आहे ते तपासतात आणि त्याप्रमाणे वेग ठरवतात. ती म्हणाली, मग पूर्ण वेळ का नाही ऐकू येत? म्हटलं, ठरल्यावर स्पीकर बंद करतात. तिने लगेच तो बंद करू नको अशी आज्ञा शोधून काढायला लावली. एटीएम२. दहा मिनिटं तिने नुसती खसखस ऐकली. चालू डेटा असा ऐकू येतो याचं तिला फार अप्रूप.

आता पान. आजच्या बहुतेक साइट एचटीटीपीएस या कुलूपबंद पद्धतीवर, त्या या ब्राउझरला उघडतच नाहीत. फ्रॉगफाइंड नावाची साइट जुन्या मशीनसाठी पानं सोलून साधी करून देते, ती उघडली. तिच्यातून शोधत शोधत आपला हा धागा उघडला. साधारण दीड मिनिट लागलं. विंडोज ९५ ला युनिकोड देवनागरी कळत नाही, त्यामुळे तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद असे दिसले:

?????? ??? ????? ??, ???? ???????

वर सरकवून बघावं म्हटलं तर माउस थिजला. @वेर्ण्याकार, कॉम३ च निघाला.

वेर्ण्याकार
सांगितलं होतं. चहा ठेवा, येतो.

जुना_लाइनमन
३१,२०० म्हणजे उत्तम. बॅटरी काढून ठेवा, नाहीतर उद्यापर्यंत उतरेल.

तिरकस_तात्या
प्रश्नचिन्हांचं वाईट वाटून घेऊ नका. माझे प्रतिसाद लोकांना एरवीही तसेच दिसतात.